कामाची हमी आणि घामाचे दाम

मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या बहुतेकांच्या पगारपत्रकात दर महिन्याला एक छोटी कपात असते: व्यवसाय कर, २०० रुपये. फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. रक्कम किरकोळ, त्यामुळे तिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पण १९७५ साली हा कर लागला तो एका ठरावीक कामासाठी. खेड्यापाड्यांत जो हात काम मागेल त्याला सरकारने काम द्यायचं आणि त्याचा भार शहरातल्या पगारदाराने, व्यापाऱ्याने, व्यावसायिकाने उचलायचा, असं महाराष्ट्राने तेव्हा ठरवलं होतं. ती रोजगार हमी योजना.

गरिबी सरकारी आधाराने हटते की आर्थिक सुधारणांनी, हा वाद आपल्याकडे आजही हिरिरीने घातला जातो. एका बाजूला रेशन, अंगणवाडी, रोजगार हमी. दुसऱ्या बाजूला मोकळा बाजार, गुंतवणूक, कारखाने. महाराष्ट्र गेली पन्नास वर्षं या दोन्ही वाटांनी चालला आहे. त्यामुळे आपल्याला हा वाद केवळ तत्त्वावर घालत बसायची गरज नाही. काय घडलं, कोणाच्या वाट्याला काय आलं, एवढं नीट मांडलं तरी पुष्कळ उलगडा होतो.

बाहत्तरचा दुष्काळ

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पाऊस लागोपाठ रुसला आणि १९७२ साली त्याने पुरती पाठ फिरवली. विहिरी आटल्या, पेरलेलं करपलं, जनावरं मिळेल त्या भावाला बाजारात गेली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या सरकारने जागोजागी दुष्काळी कामं काढली. मे १९७३ मध्ये या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. जगात अशी उदाहरणं फार नाहीत.

त्या पिढीतल्या माणसांशी बोललं की कामाचं चित्र सगळीकडे सारखंच उभं राहतं. माळावर खडीचे ढीग, उन्हात तापलेले हातोडे, बाभळीला बांधलेल्या झोळीत तान्हं मूल आणि शेजारी दगड फोडत बसलेली त्याची आई. आठवड्याचा पगार, सुकडीचं वाटप आणि परदेशातून आलेली लाल मिलो, जिची भाकरी घशाखाली उतरत नसे. गावचा पाटीलही तिथेच आणि त्याचा सालगडीही तिथेच, हे अनेकांनी पहिल्यांदा पाहिलं.

हाल झाले, कुपोषण झालं. पण पीक इतकं बुडालेलं असताना पूर्वीच्या दुष्काळांत जशी माणसं भुकेने पटापट मरत, तसं घडलं नाही. अर्थशास्त्रज्ञ ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. त्यातून दिसतं ते असं: हाती मजुरी आली म्हणून लोकांना धान्य विकत घेता आलं आणि घेणारे होते म्हणून धान्य गावापर्यंत पोचलं. सरकारी काम आणि बाजार तेव्हाही एकमेकांच्या आधाराने चालले होते.

कामाच्या हमीची कल्पना मात्र दुष्काळाच्या आधीची. वि. स. पागे १८ वर्षं विधान परिषदेचे सभापती होते. त्यांनी साठच्या दशकात सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात तिचा प्रयोग करून पाहिला होता. पुण्याच्या गोखले संस्थेतले वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्याचा निष्कर्षही याच दिशेने जात होता. सगळ्यांना पुरेल एवढी जमीन वाटपासाठी नाही. नुसत्या विकासाची वाट पाहायची तर तळच्या माणसाच्या हयातीत तो त्याच्यापर्यंत पोचणार नाही. म्हणून सार्वजनिक कामं काढावीत आणि त्यासाठी वरच्या वर्गाच्या उपभोगाला कात्री लावावी, असं त्यांचं म्हणणं होतं.

विधिमंडळाने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा एकमताने केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. दुष्काळी काम सरकारच्या मर्जीने निघत असे. आता काम मागितल्यापासून १५ दिवसांत ते देणं सरकारवर बंधनकारक झालं. नाही दिलं तर बेकारभत्ता. देशात कामाचा हक्क असा कायद्याने देणारं महाराष्ट्र हे पहिलं राज्य.

हमीने काय दिलं, काय राहिलं

मजुरी हा हमीचा उघड लाभ. त्याहून मोठा लाभ हिशेबात सहसा धरला जात नाही. गावात रोजगार हमीचं काम सुरू असलं की शेतमजुराला दुसरं एक दार उघडं असतं. बागाईतदाराने कमी मजुरी सांगितली तर तो म्हणू शकतो, नाही परवडत, मी कामावर जातो. पिढ्यान्‌पिढ्या ज्याला नाही म्हणता येत नव्हतं त्याला नाही म्हणता येऊ लागलं. बायकांसाठी हे आणखी मोलाचं होतं. या कामांवर त्यांचा वाटा सुरुवातीपासून मोठा राहिला, कारण काम घरापासून जवळ होतं, दर बाईला आणि पुरुषाला एक होता आणि मस्टरवर तिचं स्वतःचं नाव होतं.

उणिवाही तेवढ्याच खऱ्या. मस्टरवर खोटी नावं चढली, मजुरी रखडली, अर्धवट रस्ते पावसाळ्यात वाहून गेले. पाझर तलाव झाला की त्याखालच्या विहिरींना पाणी वाढायचं, पण विहीर ज्याची त्याचाच फायदा. तलाव ज्याने खोदला तो भूमिहीन पुढच्या कामाच्या शोधात निघायचा. १९८८ साली मजुरीचा दर किमान वेतनाच्या बरोबरीला आला. वाढ रास्तच होती. पण त्यानंतर कामावरची हजेरी घसरली, कारण वाढीव दराने पूर्वीइतकी कामं काढायला शासन तयार नव्हतं. कर गोळा होत राहिला, पण हमीच्या नावाने जमलेला सगळा पैसा हमीवर खर्च होईना. हक्क कागदावर शाबूत होता, मात्र काम मिळेल की नाही हे अधिकाऱ्याच्या इच्छेवर ठरू लागलं.

१९९० च्या सुमारास शासनाने रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली. शेतकऱ्याने स्वतःच्या जमिनीत खड्डे घ्यायचे, झाडं लावायची, जगवायची आणि त्याची मजुरी हमीतून मिळवायची. कोकणात आंबा-काजू, सोलापूर-नाशकात डाळिंब, बोर, सीताफळ असं लाखो हेक्टर क्षेत्र त्यातून उभं राहिलं. सार्वजनिक पैशाने लहान शेतकऱ्याला बाजारात उतरण्याजोगं काही दिलं, असं हे पहिलं मोठं पाऊल. पण त्यालाही स्वतःची जमीन लागत होती.

चाकणचा कांदा

याच महाराष्ट्रात दुसरी बाजूही तितक्याच ताकदीने मांडली गेली. शेतकरी नेते शरद जोशी स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून १९७७ साली परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती करू लागले. १९८० साली चाकणला कांद्याचं आंदोलन झालं आणि त्याच वर्षी ते नाशिक जिल्ह्यात कांदा-उसाच्या भावासाठी पेटलं. खेडं गरीब आहे कारण शेतमालाचे भाव सरकार मुद्दाम पाडतं, असं त्यांचं निदान होतं. निर्यातबंदी, लेव्ही, साठ्यावरच्या मर्यादा अशा उपायांनी शेतकऱ्याच्या घामाचे दाम काढून घ्यायचे आणि मग त्यालाच अनुदानाचा तुकडा टाकायचा. या तुकड्यापेक्षा दाम द्या, बाजार मोकळा करा, आम्ही आमचं पाहून घेऊ. डाव्या-उजव्या अनेकांना हे रुचलं नाही, पण लाखो शेतकरी आणि शेतकरी बाया त्यासाठी रस्त्यावर उतरल्या, तुरुंगात गेल्या.

२४ जुलै १९९१ रोजी अर्थमंत्री मनमोहन सिंग यांनी अर्थसंकल्प मांडला आणि उद्योगांवरची परवान्यांची बेडी सुटली. महाराष्ट्राला त्याचा लाभ इतर बहुतेक राज्यांहून अधिक झाला. ज्या चाकणला कांद्यासाठी रस्ते अडवले गेले होते, तिथेच पुढे वाहन उद्योगाचे कारखाने रांगेने उभे राहिले. नाशिकची द्राक्षं युरोपात पोचली. मराठवाड्यातल्या, खानदेशातल्या कोरडवाहू घरांतली मुलं आयटीआय करून भोसरी, रांजणगाव, वाळूजला लागली. एक मुलगा कंपनीत चिकटला की घरावर पत्रे आले, धाकटीचं शिक्षण सुटलं नाही, सावकाराचा दाराशी येणारा माणूस यायचा थांबला. सुधारणांनी गरिबाला काही दिलं नाही असं म्हणणाऱ्याने या घरांत जाऊन यावं.

पण सुधारणा कारखान्याच्या फाटकाशी येऊन थांबल्या. उद्योजकाला जे स्वातंत्र्य मिळालं ते कांदा पिकवणाऱ्याला मिळालं नाही. शहरात भाव चढला की निर्यात बंद, हे चक्र १९९१ नंतरही तसंच फिरत राहिलं. सप्टेंबर २०२० मध्ये निर्यातबंदी आली, डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा आली. फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियंत्रणातून बाहेर काढायला राज्याला २०१६ साल उजाडावं लागलं. विदर्भातल्या कोरडवाहू कापूसवाल्यावर तर दोन्हीकडून मार बसला. बियाणं, खत, औषधांचा खर्च बाजारभावाने वाढत गेला, बाहेरच्या स्वस्त कापसाशी झुंजावं लागलं, सिंचन आलं नाही आणि बँकेने दार लावल्यावर सावकार उरला. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या रोज येऊ लागल्या तेव्हा जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. विहीर असलेल्या शेतकऱ्याला मोकळा बाजार संधी वाटला. विहीर नसलेल्याला तो जुगार ठरला.

आकडे काय सांगतात

दारिद्र्यरेषा ठरवणाऱ्या समितीचे अध्यक्ष सुरेश तेंडुलकर. त्यांच्या समितीच्या निकषाने २००४-०५ साली देशात ३७ टक्के लोक गरीब होते, २०११-१२ साली २२ टक्के. महाराष्ट्रात हेच प्रमाण ३८ वरून १७ टक्क्यांवर आलं. सात वर्षांत देशातल्या गरिबांची संख्या ४० कोटींवरून २७ कोटींवर उतरली. याआधी गरिबी इतक्या वेगाने कधी घटली नव्हती.

सुधारणावादी म्हणतात, हा चढ्या विकासदराचा प्रताप. ते खरं आहे; त्या वर्षांत अर्थव्यवस्था जोरात होती, बांधकामं चालू होती, शहरं मजूर मागत होती. पण याच काळात, २ फेब्रुवारी २००६ रोजी, महाराष्ट्राच्या हमीचं देशव्यापी रूप २०० जिल्ह्यांत सुरू झालं आणि एप्रिल २००८ पासून ते सगळ्या ग्रामीण भारतात पोचलं. शेतमजुरीचे दर त्या वर्षांत भराभर वाढले. कारखान्याची आणि बांधकामाची मागणी मजुराला वर ओढत होती, तर गावातली हमी त्याला एका पातळीखाली घसरू देत नव्हती. गरिबी सर्वांत झपाट्याने घटली ती या दोन्ही गोष्टी एकदम चालू असताना. यातलं श्रेय कोणाला किती, हे अर्थशास्त्रज्ञ भांडून ठरवोत. सगळं श्रेय एकाच बाजूला देता येत नाही, एवढं निश्चित.

कोयत्याचं काय?

या दोन्ही वाटांनी ज्यांना चुकवलं ते पाहायचं तर दसऱ्यानंतर बीड जिल्ह्यात जावं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळ्या, म्हातारी, पोरं भरून कुटुंबं पश्चिम महाराष्ट्राच्या, कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघालेली असतात. हिशेबात नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत फडात ऊस तोडायचा. पहाटे अंधारात निघायचं, मोळ्या बांधायच्या, गाडी रात्री दोनला आली तरी उठून भरायची. दिवस चुकला तर खाडा लागतो आणि पैसे कापले जातात. हंगाम सरतो तेव्हा अनेकांची उचल फिटलेलीच नसते. ती पुढच्या वर्षावर चढते. पाळीच्या दुखण्याने खाडे पडतात म्हणून, आणि वैद्यकीय सल्ल्याच्या नावाखाली भीती घातल्याने, तरुण बायकांनी गर्भाशयं काढून घेतली. २०१९ साली शासनाच्या समितीसमोर बीडची पाहणी आली. त्यात ८२ हजारांवर ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांवर ही शस्त्रक्रिया झालेली आढळली.

साखर हा महाराष्ट्राच्या यशाचा उद्योग. सहकाराने पश्चिम महाराष्ट्रात शाळा, दवाखाने, महाविद्यालयं उभी केली. आणि रोजगार हमी हे महाराष्ट्राच्या कल्याणकारी धोरणाचं भूषण. मग दोन्हीच्या राज्यात हा कोयता का उरला?

तोडकऱ्याला विचारलं तर उत्तर सरळ येतं. हमीचं काम आधी करायचं आणि पैसे मागून मिळायचे, तेही मजुरी पंधरवड्यात द्यावी असा कायदा असताना महिनोन्‌महिने रखडून. मुलीचं लग्न, आईचं दवाखान्याचं बिल, जुनं देणं यांना एकरकमी पैसा लागतो आणि तो आजच लागतो. मुकादम तो आज देतो. हमी वेळेवर आली असती, गावात धड दवाखाना असता, लहान कर्ज बँकेतून मिळालं असतं, तर मुकादमाची पकड सैल झाली असती. ती सैल झाली असती तर कारखान्याला तोडणीचा दर वाढवावा लागला असता किंवा यंत्रं आणावी लागली असती. गरिबाकडे नाही म्हणण्याची ताकद नसेल तर बाजार त्याच्या श्रमाची खरी किंमत लावत नाही. तो त्याच्या अडचणीची किंमत लावतो.

हिवरे बाजारचा धडा

उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार हे कमी पावसाचं गाव. लोक कामासाठी परागंदा झालेले, गावात दारू आणि भांडणं. १९८९ साली पोपटराव पवार सरपंच झाले. डोंगरउतारावर समतल चर खणले, नाल्यांवर बांध घातले, झाडं लावली. पैसा सरकारी योजनांचा, त्यात रोजगार हमीही आली. पुढे १९९४ पासून आदर्श गाव योजना. श्रमदान गावाचं. आणि गावाने स्वतःवर बंधनं घालून घेतली: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस आणि केळी लावायची नाही. दरवर्षी पावसाळ्यानंतर ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं.

पाणी टिकलं तसं गाव बाजाराकडे वळलं. कांदा, भाजीपाला, आणि सर्वांत मोठा आधार दुधाचा. चारा वाढला म्हणून जमीन नसलेल्यालाही गाय पोसता आली. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. इथे हमीने माती-पाणी तयार केलं, गावाने ते राखलं आणि उत्पन्न बाजाराने दिलं. हाच क्रम उलटा लावून पाहावा: पाण्याआधी बाजार आला असता तर ज्याची ऐपत त्याने खोल बोअर घेतलं असतं, ऊस लावला असता आणि शेजारची विहीर कोरडी पडली असती. आपल्या अनेक गावांत नेमकं हेच झालं आहे.

टाळेबंदीचा उन्हाळा

या सगळ्याची परीक्षा २०२० साली झाली. सुधारणांच्या तीस वर्षांत शहरांनी कोट्यवधी माणसांना काम दिलं होतं, पण मार्चअखेर करोनाच्या टाळेबंदीने ते काम एका रात्रीत थांबलं. डोक्यावर बोचकी घेऊन माणसं महामार्गांनी चालत निघाली. शहराने त्यांचे श्रम घेतले होते, त्यांच्या अडचणीच्या दिवसाची तरतूद केली नव्हती. ना रेशनकार्ड तिथलं, ना घर, ना आजारपणाची सोय. गावात पोचल्यावर आधार मिळाला तो हमीचा आणि रेशनचा. याच हमीला पंतप्रधानांनी २०१५ साली लोकसभेत काँग्रेसच्या अपयशाचं स्मारक म्हटलं होतं. आता त्यांच्याच सरकारला तिच्यासाठी अर्थसंकल्पाबाहेर आणखी ४०,००० कोटी द्यावे लागले. २०२०-२१ मध्ये देशभरात तिच्यावर सुमारे ३८९ कोटी मनुष्यदिवस काम झालं, योजनेच्या इतिहासातलं सर्वाधिक. ती योजना नसती तर त्या उन्हाळ्यात खेड्यांचं काय झालं असतं, याची कल्पनाही करवत नाही.

पन्नास वर्षांनंतर

मागे वळून पाहताना माझी खात्री झाली आहे ती अशी. गरिबीतून माणसाला कायमचं बाहेर काढतं ते वाढतं उत्पन्न, आणि ते बाजारातून, उद्योगातून, शेतीच्या रास्त भावातून येतं. नुसत्या हमीवर राहिलेलं गाव खडीच फोडत राहतं. पण त्या बाजारात कोण पाय ठेवू शकणार आणि कोण तिथे नाडला जाणार, हे त्याआधीच ठरलेलं असतं. शेतात पाणी आहे का, मूल शाळेत टिकलं का, दुखणं आल्यावर घर विकावं लागतं का, आणि वाईट दराला नकार देण्यापुरता आधार गावात आहे का, यावर ते ठरतं. या गोष्टी बाजार आपणहून देत नाही. त्या समाजाने मिळून द्याव्या लागतात, आणि आधी द्याव्या लागतात.

म्हणून एक बाजू दुसरीच्या विरोधात उभी करणाऱ्यांना दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. हमीचा पुरस्कार करणाऱ्यांनी सांगावं की कांद्यावर निर्यातबंदी येते तेव्हा ते गप्प का असतात; ती बंदीही गरिबाच्याच खिशातून पैसे काढते. आणि सुधारणांचा पुरस्कार करणाऱ्यांनी सांगावं की मजुरी दोन महिने रखडते तेव्हा त्यांना तो करारभंग का वाटत नाही. ठरलेल्या कामाचा ठरलेला दाम ठरलेल्या दिवशी मिळणं, बाजाराचा पहिला नियम तरी दुसरा कोणता आहे?

पागे आणि जोशी एकमेकांपासून फार दूरच्या टोकांवरून बोलत होते. पण दोघांनीही गरिबाला दयेचा विषय मानलं नाही. एकाने त्याच्यासाठी कामाचा हक्क मागितला, दुसऱ्याने कष्टाच्या फळाचा. महाराष्ट्राने दोघांचंही अर्धंच ऐकलं: हमीचा कायदा केला आणि तिचा पैसा रोखला, बाजार मोकळा केला आणि शेतकऱ्याला त्याच्या बाहेर ठेवलं. उरलेलं अर्धं ऐकणं अजून आपल्या हातात आहे, आणि बीडहून निघणारा प्रत्येक कोयता थांबवायचा तर ते दोघांचंही ऐकावं लागेल.